नायकाचा नंबर

आमच्या तांड्यात कोनताबी अर्ज भरा, नंबर तांड्याच्या मुखियाचा, बाबूसिंग नायकाचाच. ऊस तोडाले गेलेल्यायचे फोन बंद पडतात, नायकाचा कधी पडत नाही. हे मले, या देवानंदले, माहीत नसन तं कोनाले? तरी वसतिगृहाच्या साह्यबासाठी ऑनलाइन फॉर्म बनवतानी, डेटाबेसात एक लेकरू दोनदा जाऊ नये म्हनून, मी भैताडानं मोबाइल नंबरच ओळख धरला. तोच नंबर पुन्हा आला, की जुनं नाव पुसून नवं बसव.

मायबाप उसाले गेले, की लेकरं मानोऱ्याच्या वसतिगृहात राह्यतीन, शाळा सुटनार नाही, यासाठी तो फॉर्म. साऱ्या तांड्याची पोरं मीच भरली. शेवटी मायी पोरगी अंजू. हरेक नावानं आंधीच्याले खाल्लं, अन् राह्यली एकटी अंजू.

आज यादी लागली, अन् उसाले नेनारा टरक तांड्यात येऊन उभा. वसतिगृहाच्या साह्यबाले फोन केला, तं तो म्हने, नवीन नाव घेनं काल बंद झालं. आहे त्या नावात दुरुस्ती आज संध्याकाळपर्यंत होते. बाप्पा, दुरुस्ती म्हंजे काय, तं अंजूले पुसून दुसरं कोनी!

लोकायले मी सारं समजावून सांगतलं. कोनी भांडलं नाही, तेच वाईट. त्यायच्या ताटातलं मीच उचलून खाल्लं, असे पाहून राह्यले. मायी चुलती भुरीबाई नातीले घेऊन समोर बसली. त्या पोरीची माय मेली, फडावर तिले सांभाळाले कोनी नाही, अन् थकलेल्या भुरीबाईच्या भरोशावर तांड्यात ठेवता येत नाही. भुरीबाई काहीच मागे ना. मले उठताबी येईना, बसताबी येईना.

दुरुस्ती त्याच्याच नंबरावरून होनार, म्हनून नायकानं आपला फोन मायाकडं सरकवला. "तूच केलं, तूच ठरव," म्हने.

मायं बोट हलेना. अंजूचं दप्तर दारात भरून ठेवलेलं. रडू आलं, रागबी आला. काढू कोनावर? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

तवा मायी बायको शीला भाकरी बांधता बांधता उठली. तिनं फोन घेतला, अंजूचं नाव पुसलं अन् भुरीबाईच्या नातीचं टाकलं.

"काहून वं?" मी कसंबसं इचारलं.

"मले यायच्याच शेजारी पाचटाची कोपी बांधून राहाचं हाये," ती म्हने. "उसात तोंड कुठं लपवू?"

भुरीबाई नातीले घेऊन तिचं वसतिगृहाचं सामान बांधाले घरी गेली. बाकीच्यायनं आपापली लेकरं टरकात चढवली. मी अंजूले उचलून वर देलं, तं तिनं दप्तर मागतलं. मी तेबी देलं.