पिओनीसाठी बर्फ

रॉडनीने खांद्यावरची बर्फाची गोणी कुंपणाजवळ उतरवली, चाकूने तिचं तोंड फाडलं आणि आतला चुरा ओंजळीओंजळीने झाडाभोवती पसरायला सुरुवात केली. मे नुकताच लागला होता, संध्याकाळ कलली होती, तरी हवा दमट गोधडीसारखी अंगावर बसली होती.

"देठाला टेकवू नकोस," व्हरांड्यातून आर्डिस म्हणाली. "चार बोटं सोडून."

"माहीत आहे, मॉम."

"माहीत आहे तर काल का टेकवलास?"

रॉडनीने बर्फ हाताने मागे ओढला.

शेजारची मिस अर्लीन कुंपणावर कोपरं टेकून हे सगळं रोज बघायची. "मिस आर्डिस," ती म्हणाली, "आमच्याकडे बर्फ चहात घालतात हो. बागेत नाही."

"चहा काय, मागाहूनही पिता येईल," आर्डिस म्हणाली.

"ह्या पोरालाही विचारा कधीतरी, चहा घेतोस का म्हणून."

रॉडनी हसला. पंचेचाळिशीच्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला पोरगा म्हणणारी आमच्या किनाऱ्यावर ती एकटीच असेल.

झाड होतं पिओनीचं. तिकडे उत्तरेत, आयोवात, ही फुलं कोबीच्या गड्ड्याएवढी होतात, आणि मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, घरोघरची माणसं ती तोडून आपल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवतात. आर्डिसचा थोरला, टेरी, एकोणिसाव्या वर्षी कोठारातल्या मक्याच्या ढिगाखाली गाडला जाऊन गेला. तेव्हापासून दर वर्षी तिने अंगणातली पहिली पिओनी त्याच्यासाठी तोडली होती. मग ती घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, एकटीने राहणं जमेना. शेत आधीच विकलेलं. रॉडनी तिला इकडे मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आपल्या भाड्याच्या घरी घेऊन आला. येताना तिने कपड्यांच्या दोन पेट्या मागे ठेवल्या आणि पिओनीच्या मुळांचा गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर आणला.

पण पिओनीला कडक थंडीत झोप लागते, आणि झोप झाल्याशिवाय ती फुलत नाही. आमच्याकडे कसली थंडी! पहिल्या वर्षी नुसती पानं आली. अर्लीनने थट्टेत सांगितलं, की तिची एक आत्या हिवाळ्यात झाडावर बर्फ ओतायची. आर्डिसने ते मनावर घेतलं. रॉडनी कोळंबीच्या धक्क्यावर शीतगृहात कामाला होता. तिथल्या गारठ्यात आमची माणसं टिकत नाहीत, म्हणून उत्तरेतून आलेल्या ह्या गड्याला त्यांनी हसत हसत आत ढकललं होतं. त्या हिवाळ्यात तो रोज बर्फाची गोणी घेऊन घरी आला. वसंतात तीन कळ्या धरल्या. मग उकाडा लवकर आला, तेव्हा गोण्या पुन्हा सुरू झाल्या.

तरीही दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच तपकिरी होऊन वाळल्या. आता उरली होती एक.

आर्डिस दिवसातून कितीदा तरी काठी टेकत यायची आणि तिला दोन बोटांत धरून बघायची. कळी दगडासारखी असते तोवर तोडायची नाही. पावासारखी मऊ लागली की कापायची, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, मग ती महिनाभर तशीच राहते. मेमोरियल डेच्या आधी गाडी काढून आईला आयोवाला न्यायचं रॉडनीने कबूल केलं होतं. टेरीच्या थडग्याच्या दगडापुढे पाण्याच्या भांड्यात ती कळी उमलेल, एवढंच आर्डिसला ह्या जन्मात हवं होतं, आणि ती ते बोलून दाखवायची.

शनिवारी रेडिओवर सांगितलं, की आज पारा चढणार. रॉडनीची सुट्टी होती. सकाळीच तो धक्क्यावर जाऊन बर्फ घेऊन आला आणि त्याने तो झाडाखाली पसरला. पण आर्डिसचं समाधान होईना. कळीवर सावली हवी. मग चार खांब रोवून वर गोणपाट ताणायचं ठरलं. खालची माती चिकट, मुळांनी गच्च. दोन खांब रोवेपर्यंत सूर्य डोक्यावर आला.

अर्लीनने खिडकीतून हाक मारली. "अरे रॉडनी, आता बस कर! दहानंतर आमच्याकडे कुत्रंसुद्धा अंगणात येत नाही."

"आयोवात आम्ही भर दुपारी गवत कापायचो," आर्डिस म्हणाली.

"तिथला घाम वाळत असेल, मिस आर्डिस. इथला वाळत नाही. आणि हा आठवडाभर बर्फात उभा असतो. त्याला उन्हाची सवय आहे का?"

रॉडनीने पहार मातीत उभी केली आणि तिच्यावर भार टाकून उभा राहिला.

"मॉम, जरा पडू का आत? चार वाजता पुरं करतो."

आर्डिसने कळीकडे पाहिलं. तिच्या टोकाशी गुलाबी रंगाची एक रेघ फुटली होती.

"चारपर्यंत करपेल ती," ती म्हणाली. "तू जा, पड. टेरी असता तर..."

पुढचं बोलायची कधीच गरज पडली नव्हती. रॉडनीने पहार उचलली.

तिसरा खांब झाला. चौथ्याचा खड्डा खणताना तो मध्येच म्हणाला, "गाई आत घेतल्या का?"

"कुठल्या गाई?" आर्डिस हसली. गाई विकून जमाना झाला होता. त्याने विनोद केला असेल, बऱ्याच दिवसांनी केला, असं तिला वाटलं. तिने खुर्ची झाडाच्या आणखी जवळ ओढली, गोणपाटाचं एक टोक स्वतःच हातात धरून कळीवर सावली केली आणि दुसऱ्या हाताने कळी चाचपली. ती मऊ होती. तिने पुन्हा दाबून पाहिलं. खरंच मऊ होती.

"रॉडनी, झाली! अरे, झाली बघ!" तिचा आवाज पोरीसारखा झाला. "कात्री आण लवकर."

कळीवरची नजर न हलवता तिने कात्रीसाठी हात मागे केला.

"रॉडनी, ऐकतोस का?"

तेवढ्यात पलीकडून अर्लीन किंचाळली. आर्डिसने वळून पाहिलं तर रॉडनी खड्ड्याशेजारी आडवा पडला होता. तोंड लालबुंद, आणि इतका वेळ निथळत असलेलं कपाळ आता कोरडं. पाय नुसते थरथरत होते. तो सकाळपासून असाच लाल दिसत होता. ते तिला दिसलंही होतं, तिने बघितलं मात्र नव्हतं.

अर्लीन कानाला फोन लावून फाटकातून धावत आली. पत्ता सांगता सांगताच ती गुडघ्यावर बसली आणि त्याचा शर्ट टराटरा फाडू लागली.

"बर्फ!" ती ओरडली. "बर्फ कुठाय?"

आर्डिसला एकच जागा ठाऊक होती. काठी टाकून ती झाडाशी बसली आणि दोन्ही हातांनी मातीसकट बर्फ उपसू लागली. देठ मध्ये येत होते. तिने ते बाजूला लोटले, एक कडकन मोडला, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. झग्याच्या घोळात भरून तिने तो काळा, अर्धा वितळलेला चुरा खुरडत खुरडत रॉडनीपाशी आणला. अर्लीनने तो त्याच्या काखांत, मानेखाली, जांघांत दाबला. आर्डिस पुन्हा गेली, पुन्हा घेऊन आली. खुबा ठणकत होता. झाडाखालचा बर्फ संपला तेव्हा ती त्याच्या डोक्याशी बसली आणि गार पडलेले तळवे त्याच्या गालांवर ठेवले.

"डोळे उघड," ती म्हणाली. "बाळा, डोळे उघड. टेरी! टेरी, माझ्याकडे बघ!"

अर्लीनचे हात थांबले.

रॉडनीच्या पापण्या हलल्या. ओठ एकमेकांना चिकटले होते, ते त्याने कसेबसे सोडवले.

"हो, मॉम," तो म्हणाला. "आहे. इथेच आहे."

आर्डिसचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोललो ते आता तिच्या कानी पोचलं. आणि त्या नावाने हाक येणं त्याला नवं वाटलं नव्हतं, हेही.

"रॉडनी," ती म्हणाली.

त्याच्या पापण्या पुन्हा मिटल्या होत्या. छाती भरभर वरखाली होत होती.

"मिस आर्डिस, बोलत राहा त्याच्याशी," अर्लीन हळूच म्हणाली. "ऐकतोय तो."

"रॉडनी. रॉडनी, मी आहे रे. रॉडनी."

रस्त्याच्या वळणावर ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. अर्लीन फाटक उघडायला धावली. आर्डिस त्याच्या चेहऱ्यावर ओणवी होऊन ते एकच नाव घेत राहिली, इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं इतक्या वेळा.