नक्षीचं अक्षर

सदुसष्ट साल होतं. त्या वर्षी कोडेवाल्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली.

एका इंग्रजी वर्तमानपत्रात ते दर रविवारी शब्दांचा खेळ चालवत, म्हणून सगळे त्यांना कोडेवाले म्हणत. ते दोन अक्षरं देत. ती दोन्ही ज्यात आहेत असे शब्द वाचकांनी शोधून पाठवायचे आणि पुढच्या रविवारी कोडेवाल्यांची पूर्ण यादी छापून यायची. ठरलेल्या जाडजूड शब्दकोशातला एकही शब्द तिच्यातून सुटता कामा नये, हा त्यांचाच नियम. सुटला तर जाहीर माफी. अशी माफी दोनदा मागून झाली होती. "तिसऱ्यांदा सदर बंद," असं संपादकसाहेबांनी बजावलं होतं, आणि त्या सदरावर कोडेवाल्यांचा जीव होता.

रविवारी जी आणि झेड ही अक्षरं छापून आली. सोमवारी सकाळी दात घासता घासता ते कोसळले.

"कचेरीत कळवून टाक, वहिनी," त्यांची बहीण म्हणाली. ती त्यांच्याकडेच राहायची. इस्पितळात आया होती, त्यामुळे बोलायला फटकळ.

"म्हणजे तो टपून बसलेला उपसंपादक उद्याच यांच्या खुर्चीत! नाही हो वन्सं. हे बरे होईपर्यंत यादी मी करते."

"तू? इंग्रजीत तुला 'या, बसा' तरी म्हणता येतं का?"

"म्हणायचंय कुठे? अक्षरं तर ओळखते ना."

ते खोटं नव्हतं. कोडेवाल्यांची बायको रुमालांवर भरतकाम करून द्यायची. गिऱ्हाइकं नावाचं अक्षर मागत, म्हणून नवऱ्यानेच तिला कधीकाळी सव्वीस अक्षरं कागदावर काढून दिली होती, टाक्यात छान बसतील अशी छोटी, वळणदार. ती तिच्या बोटांत मुरली होती.

मग तिने शब्दकोश मांडीवर घेतला. ओळीखाली पट्टी धरायची आणि डोळे बारीक करून पाहत जायचं. जीची शेपटी ओळीखाली लोंबते, झेडला दोन कोपरे असतात. दोन्ही एका शब्दात दिसली की तो शब्द जसाच्या तसा कागदावर उतरवायचा. दूध दोनदा उतू गेलं, मान आखडली. मधली कितीतरी पानं जवळजवळ कोरडी गेली, पण शुक्रवारपर्यंत शेवटचं पान आलं. एकूण बरेच शब्द झाले होते. शाळेतल्या पोरीसारखा तिने तो कागद नवऱ्यापुढे धरला.

"अहो, बघा तरी. जमलंय का?"

कोडेवाल्यांची नजर वरून खाली गेली, पुन्हा वर आली. एकाएकी ते "आं, आं" करत डावा हात कागदावर आपटू लागले. तिने पाणी दिलं, ते ओघळलं. उशी वर केली. भांडं आणलं. त्यांनी मान जोराने हलवली आणि शब्दकोशाकडे हात केला. तिने तो समोर धरताच चाचपडत मधलं एक पान काढून त्यांनी पानाच्या डोक्यावर बोट रोवलं.

"हे पान राहिलं म्हणता? बघते परत."

तिने ते पान पट्टी लावून दोनदा पाहिलं. जीची शेपटी आणि झेड एकत्र कुठेच नव्हती. "नाही हो, नाहीये काही," ती म्हणाली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने पदराने पुसलं. तिच्या कष्टांनीच त्यांना भरून आलंय, असं तिला वाटलं. नणंदेने यादी कचेरीत नेऊन दिली. "दादाला ताप आहे," एवढंच सांगितलं.

यादी छापून आल्यानंतरच्या बुधवारी संपादकसाहेब पत्रांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. आत खाटेवर पाहिलं आणि त्यांचा आवाजच खाली आला.

"वहिनी, यादी कोणी केली?"

"मी. काही सुटलं का?"

"गेझ, ग्लेझ, ग्रेझ, गॉझ… जीने सुरू होणारे जवळपास सगळे."

"गॉझ?" नणंद ओरडली. "अगं, जखमेवरची ती जाळी मी रोज हाताळते!"

साहेबांनी शब्दकोशात एका शब्दाच्या सुरुवातीला बोट ठेवलं. "हा बघा, कॅपिटल जी."

"ते होय? ते नक्षीचं अक्षर ना?" बायको म्हणाली. "प्रत्येक शब्दाला पुढे असतं, शोभेला. माझी जी अशी नसते. मी ते अक्षर बघतच नव्हते."

कोडेवाल्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"साहेब, एकदा…" ती म्हणाली.

"माझ्या हातात राहिलं नाही, वहिनी. मालकांकडेही पत्रं गेलीत."

तिसरी माफी छापली गेली आणि तिच्या खालीच सदर संपल्याची दोन ओळींची सूचना आली. उपसंपादकाने नव्या नावाने खेळ सुरू केला, तो दोन वर्षं चालला. पुढे उपसंपादक जाहिरात विभागात गेला. संपादकसाहेब निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला येऊन कोडेवाल्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, खेळाचं पान तेवढं गाळून. नणंद वॉर्डची मुख्य आया झाली आणि नोकरीत असतानाच वारली. कोडेवाले आणखी चार वर्षं जगले, एक शब्दही न बोलता. बायको पुष्कळ जगली. त्या शुक्रवारचं सांगताना ती म्हणायची, "माणूस पानावर बोट ठेवून सांगत होतं हो, आणि मी त्याला पाणी पाजत बसले."