पुसलेली निळी रेघ

मी एक जुनी मोजकाठी आहे. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, काचेच्या कपाटात उभी आहे. अंग सागवानी, त्यावर पांढरा रंग आणि काळे-तांबडे आकडे. जमीन कुठे उंच, कुठे सखल हे बघायचं असलं की मला उभं करायचं आणि लांबून दुर्बिणीतून माझे आकडे वाचायचे. मित्रांनो, काम साधंच आहे. पण सरळ उभं राहणं सगळ्यांना जमत नाही, हे मला धरणाऱ्या विद्यार्थ्यांकडे बघून मी सांगू शकते!

नंदिनी मॅडम आल्या आणि माझे दिवस पालटले. त्या बांधकामाचं व्यवस्थापन शिकवत. पुरात टिकणारी घरं कशी बांधावीत, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. मोठा पूर ओसरल्यावर त्या मला जीपवर बांधून नदीकाठच्या एका गावात घेऊन गेल्या. पाणी जिथवर चढलं होतं, तिथे भिंतीभिंतीवर त्यांनी निळी रेघ ओढली. आकारामआण्णांच्या गोठ्याच्या भिंतीवर ती कमरेइतकी आली.

"आण्णा, नवं घर बांधाल तेव्हा जोतं या रेघेच्या वर घ्या," मॅडम म्हणाल्या.

"घेतो की! पुन्यांदा कोन बुडून घेतंय?"

पण दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचं, कृष्णातचं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं घर बघायला येणार, म्हणून त्याच्या आईने, चिमणाबाईंनी, त्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. "पुराचं घर म्हटल्यावर पोरगी कोन देनार?" त्या म्हणाल्या. त्या साली गावातल्या पुष्कळ रेघा अशाच लग्नापायी गेल्या.

उन्हाळ्यात नवं घर निघालं, गोठ्याच्या खालच्या अंगाला, उतारावर. रेघ असती तर गवंड्याने पाण्याची नळी लावून तीच उंची खाली आणली असती. आता मॅडमच्या वहीतल्या आकड्यांवरून ती पुन्हा काढायला मीच हवी होते. आण्णांनी मॅडमना फोन केला. "काठी घेऊन येते, तोवर थांबा," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं आणि त्या गेल्या. परत आल्यावर बढती झाली, हारतुरे झाले, सत्कार झाले. मी कपाटात उभी राहून टाळ्या ऐकत होते. तिकडे लग्नाची तारीख जवळ आली. आण्णांनी अंदाजाने हात दाखवला आणि गवंड्याने तेवढंच जोतं घेतलं. पूर ओसरून दिवस झाले की आठवणीतलं पाणीही खाली उतरतं.

पुढच्याच पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. नव्या घराचं जोतं उंच म्हणून म्हशी त्याच्या पुढच्या सोप्यात बांधल्या होत्या. माणसं वेळेत बाहेर पडली, पण गाभण म्हैस दाव्यालाच बुडून गेली.

पाणी उतरल्यावर मॅडम मला घेऊन गेल्या. चिमणाबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"म्याडम, ही काठी तवा कुठं हुती?"

"कपाटात," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि मी तुमच्याच गावाबद्दल भाषण करायला गेले होते."

"आनि रेघ मी पुसली," चिमणाबाई म्हणाल्या. मलाही त्या दिवशी माझे आकडे नकोसे झाले.

शेवटी नवी सून वर्षाराणी पुढे आली. तिच्या माणसांना दिसू नये म्हणून तर ती रेघ पुसली होती. "द्या हिकडं," ती म्हणाली आणि मॅडमच्या हातातला ब्रश घेऊन तिनेच भिंतीवर निळी रेघ ओढली.

आता मॅडम विभागप्रमुख आहेत. नवी यंत्रं आली आणि मला मानाने काचेत ठेवलं. पाहुणे माझं कौतुक करतात. मला मात्र त्या म्हशीचा रिकामा खुंटा आठवतो.

मित्रांनो, भिंतीवरची अशी रेघ कुणी पुसू लागलं तर हात धरा. आणि पाऊस सुरू होण्याआधी कुणीतरी हे कपाट उघडा. मी अजून सरळ उभी राहते.