आजोबांचा हेल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईंचे कान असे तिखट, की नुसती घरघर ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते त्या सांगत म्हणे. पण नदीपलीकडच्या वस्तीतल्या लिफ्टचं काम कंपनीकडे आलं आणि त्या कानांची पार अब्रू गेली. तिकडची भाषा आपलीच, पण हेल असा की वाक्य जिन्यावरून गडगडत आल्यासारखं वाटे. “परत सांगता का?” म्हणून म्हणून बाईंची जीभ सोलवटली.

साहेबांनी बजावलं, “शनिवारपर्यंत जमलं नाही तर गोदामात बसा.”

नवरा म्हणाला, “अगं, त्यांच्यासारखं बोलून बघ. बोलता आलं की ऐकूही येईल.”

शुक्रवारी लिफ्टमध्ये अडकलेल्या एका आजोबांचा फोन आला. बाईंनी त्यांचं प्रत्येक वाक्य त्यांच्याच हेलात घोळवून म्हटलं, आणि काय सांगावं, पत्ता लख्ख उमगला! लगेच मेकॅनिक धावला.

शनिवारी साहेबांनी रिसीव्हर पुढे केला. “कालचे आजोबा. पाव तास ओरडतायत, मला ओ की ठो कळत नाही. तुम्हीच ऐका.”

बाईंनी कान लावला.

“मी आत गुदमरतोय, आणि ती भवानी मला वेडावते? हाकला तिला!”

दोन महिने डोकं आपटल्यावर पहिल्यांदाच अक्षर न् अक्षर कळलं, आणि कळलं ते हे!

“काय म्हणतायत?” साहेबांनी विचारलं.

“माझंच कौतुक चाललंय,” बाई दातओठ खात म्हणाल्या.