माणूस लागणारं यंत्र

माझ्या नातीच्या, राजनंदिनीच्या सरावासाठी टेनिसचे चेंडू फेकणारं यंत्र घ्यायचं होतं आणि ते मी निवडावं, असं घरात ठरलं. माझी लायकी एवढीच की मी वालचंदनगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. लासुर्ण्याच्या आमच्या घरात पाण्याची मोटर येवो की फवारणीचा पंप, माहितीपुस्तिका माझ्याकडे येते आणि मी म्हणेन त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही.

टेनिस मी कधी खेळलो नाही. तरी गेली तीन वर्षं रोज संध्याकाळी वालचंदनगरच्या कॉलनीतल्या मुरमाच्या कोर्टवर नातीला हाताने चेंडू टाकत आलो. आता ती चौदा वर्षांची आहे आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

दोन यंत्रं समोर होती. एक साधं. चेंडू एकाच जागी फेकतं. दिशा बदलायची तर शेजारी उभं राहून त्याचं तोंड फिरवावं लागतं. दुसरं रोबो. खेळणारा कुठे आहे हे ते कॅमेऱ्यातून बघतं आणि चेंडू कुठे द्यायचा ते आपलं आपण ठरवतं. त्याच्याजवळ कोणी लागत नाही.

मी वहीत साध्या यंत्राच्या बाजूने नऊ मुद्दे लिहिले. मुरमाची धूळ कॅमेऱ्यावर बसेल, रोबोला मोबाईल लागतो आणि कोर्टवर रेंज नाही, बिघडलं तर पुण्याला न्यावं लागेल. एकही मुद्दा खोटा नव्हता. माझ्या मुलाला, अविराजला, ते वाचून दाखवले.

"आबा, किमतीकडं बघून तर न्हाय ना ठरवलं?"

"नाही."

"मग साधंच घेऊ. नंदे, तुला काय वाटतं?"

"आबा म्हणतील ते."

मला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, आणि तेच रात्रभर टोचत राहिलं. दहावा मुद्दा मी लिहिलाच नव्हता. साध्या यंत्राला माणूस लागतो.

घेण्याआधी चालवून बघावं म्हणून रविवारी बारामतीला गेलो. दुकानातल्या लखनने दोन्ही यंत्रं एका कोर्टवर आणून ठेवली होती.

"आजोबा, तुमी कोच का?"

"छे, छे."

"त्ये आमचे सिलेक्टर हायत," अविराज हसत म्हणाला. "त्यांच्याफुडं अपील न्हाय."

साध्या यंत्राशेजारी मी उभा राहिलो. दोनदा तोंड फिरवायला उशीर झाला. राजनंदिनी रॅकेट खाली करून शांतपणे थांबली. वीसेक चेंडूंनंतर "बरं हाय" म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

मग रोबो. पहिला चेंडू डावीकडे, दुसरा अगदी नेटजवळ, तिसरा पार मागे. पाच चेंडू तिच्या रॅकेटला लागलेच नाहीत.

"थांब की रं बाबा!" ती यंत्रावर ओरडली आणि धावायला लागली.

तिला कोर्टवर असं धावताना मी पाहिलंच नव्हतं. तिचा हात पोचेल तिथेच मी आजवर प्रत्येक चेंडू टाकला होता. लखनने "बास का?" विचारलं, तर तिने न बघताच नकारार्थी मान हलवली.

"मग आबा, साधंच बांधायला सांगू?" अविराजने विचारलं.

मी हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

"रोबो घे."

"आन् धूळ? रेंज?"

"धूळ पुसता येते. ते मुद्दे मी कोर्टवर मला काम राहावं म्हणून लिहिले होते."

लखन उगाच वायर गुंडाळत बसला. तेवढ्यात राजनंदिनी घाम पुसत आली.

"काय ठरलं?"

"तू सांग," मी म्हणालो.

तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ रॅकेटच्या तारा बोटाने सारख्या केल्या.

"रोबो," ती हळूच म्हणाली. "पण आबा, तुमास्नी राग आला असंल तर..."

"नाही आला."

"खरं?"

"थोडा आलाय. माझा मला. तू खेळ."

ती हसली आणि वळली. "लखनदादा, अजून एकदा लावा. आन् जरा जोरात."

मी जाळीमागच्या बाकावर जाऊन बसलो. हातांना काही काम नव्हतं, म्हणून ते मांडीवर ठेवले. डावीकडचे दोन चेंडू तिच्या हातून सुटले. तिसऱ्यापर्यंत ती पोचली.