साबणावरची किल्ली

मित्रांनो, आमच्या सूनबाईला कानस धरता येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जाताना मला रेटायचं आणि मागे आणताना उचलायचं, इतकं साधं काम. ही मला मागेसुद्धा घासतच आणते. माझे दात बोथट होतात, त्याचं हिला काय? त्यात गिऱ्हाईक आलं की हिचं तोंड सुरू आणि हात बंद.

मी एक जुनी कानस आहे. कुलूपवाल्याच्या गाळ्यात माझं आयुष्य गेलं. माझा एकेक दात छिन्नीने पाडलाय, आणि आगीत लाल करून मला पाण्यात बुडवलंय. अशी कानस आता मिळत नाही, असं सूनबाईचे सासरे म्हणायचे. काम झालं की तारेच्या ब्रशने माझे दात साफ करून ते मला फडक्यात गुंडाळत. त्यांचा एक नेम होता, आधी कुलूप समोर ठेवा, मग किल्ली मागा. कुणी साबणावर किल्लीचा ठसा उमटवून आणला, तर साबण गटारात आणि माणूस रस्त्यावर. मला मोठा अभिमान वाटायचा. चोर जन्मालाच चोर म्हणून येतो, असं मी तेव्हा धरून चालले होते.

सासरे गेले, सूनबाई गाळ्यावर बसू लागली. एका दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेतला शिपाई आला. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून साबण. मी मनात म्हटलं, हाकल आता. हिने त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या हातून सूक्ष्मदर्शक पडला होता, भिंग तडकलं होतं. कपाट उघडं होतं तोवर त्याने तो गुपचूप आत ठेवला. कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडे; ती टेबलावर दिसली तेव्हा त्याने साबणावर दाबून घेतली होती. आता कपाट उघडून तो नाहीसा करायचा, म्हणजे चोरी झाली असं वाटेल. खरं का नाही सांगितलं? तर मागे त्याच्या हातून काचेचं भांडं फुटलं, तेव्हा बाईंनी भर वर्गात त्याचा पाणउतारा केला आणि सगळी मुलं हसली. ते हसणं त्याच्या कानातून जाईना.

सूनबाईने साबण हातात घेऊन विचारलं, "दादा, त्या खोलीची किल्ली आणखी कुणाकडे असते?"

"झाडणाऱ्या मावशींकडे."

"मग चोर कोण ठरेल?"

मावशींचा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

"अजून ही नुसती चूक आहे," सूनबाई म्हणाली. "मी कानस उचलली की गुन्हा होईल. हा साबण घ्या, तोंड धुवा आणि बाईंकडे जा."

दोन दिवसांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात कपाटाचं कुलूप होतं. बाई खूप बोलल्या, पण एकट्याला बोलावून. भिंग बदलून मिळणार होतं. कुलपाची दुसरी किल्ली करून आणायला बाईंनी त्यालाच पाठवलं होतं.

मित्रांनो, माझे दात पुसून ठेवा, गंज चढू देऊ नका. आणि कुणाच्या हातून काही फुटलं तर हसू नका. माणूस त्या हसण्याला भितो, आणि भ्यालेला माणूस कुणाच्याही कपाटाला हात घालतो.

त्या दिवशी सूनबाईने कोरी किल्ली पकडीत आवळली आणि मला उचललं. मी करकरले. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण मी तोंडावर सांगितलं, "सूनबाई, हात तुझा अजून कच्चाच आहे. पण सासऱ्यांनी जन्मभर चोर हाकलले, तू एक होऊच दिला नाहीस. घास मला मागे, हवं तितकं."