वावरातली शिट्टी

डॉक्टर प्रेरणाने सोनोग्राफीचा प्रोब मनकर्णाबाईच्या डाव्या कानाखालच्या गाठीवर टेकवला, तसा तिच्या नवऱ्याने, कडुबाने, उशाशी उभं राहून पुन्हा तोच सूर लावला.

“फोटू किती बी काढा. सुई नाय. सुई टोचली की गाठ चिडती अन् अंगभर पसरती.”

“गाठ माझी हाय,” मनकर्णाबाई पडल्या पडल्या म्हणाली. “चिडली तर माझ्यावर चिडंल.”

एमआरआयमध्ये गाठीच्या कडा वेड्यावाकड्या दिसल्या होत्या. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, एखादीच कर्करोगाची निघते. ती ओळखायची तर बारीक सुईने पेशी काढून तपासायला हव्यात. बिडकीनच्या या नवराबायकोला प्रेरणाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. बायको कधीच तयार झाली होती. कडुबा मात्र हटून बसला होता.

“या गाठीजवळून चेहऱ्याची नस जाते, ती आधी बघू,” प्रेरणा म्हणाली. “डोळे गच्च मिटा. दात दाखवा. आता शिट्टी वाजवा.”

“बाईमाणूस शिट्टी वाजवत नसतं, म्याडम,” कडुबा म्हणाला. “आमच्या घरात तर आजवर कुणी वाजवली नाय.”

मनकर्णाबाईने त्याच्याकडे रोखून बघत ओठांचा चंबू केला आणि फुंकलं. डाव्या कोपऱ्यातून नुसती हवा गेली. तिने पुन्हा जोर लावला. सूर निघाला नाही.

कडुबाला हायसं वाटलं. “कशी येणार? सवय लागती त्याला.”

“सवय हाय,” ती म्हणाली. “पल्याडच्या वावरात खुरपताना रोज वाजवते, लगीन झाल्यापासून. दिवाळीपतुर लई झकास वाजत होती.”

प्रेरणाचा हात थांबला. म्हणजे दिवाळीपासून नस कमजोर होत होती, आणि साधी गाठ सहसा नसेला धक्का लावत नाही. कडुबाच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

“म्हंजी, शिट्ट्या मारणारा तो सांडू नव्हता?”

“नाय. बिचाऱ्यानं फुकट शिव्या खाल्ल्या.”

त्या शिट्ट्यांपायी कडुबाने बांधावर उभं राहून शेजारच्या सांडूचा कैकदा उद्धार केला होता. दिवाळीनंतर वावर गप्प झालं, तेव्हा आपल्या धाकाने सांडू सुधारला असं तो चार लोकांत सांगत फिरला होता. आता तो बायकोच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिला. कोपरा जरासा खाली उतरला होता. इतके दिवस त्याला तो दिसलाच नव्हता. त्याला भीती वाटली.

“टोचा सुई, म्याडम,” तो हळू म्हणाला.

“तुमाला कुणी इचारलं?” म्हणत मनकर्णाबाईने गाठीची बाजू प्रेरणाकडे केली. प्रेरणाने सुई हातात घेतली, तेव्हा मनकर्णाबाईने पुन्हा ओठांचा चंबू केला होता. ती फुंकतच होती.